बुधवारची शिल्लक

भूम तालुक्यातल्या एका काकांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोन म्हशी, एक गाय, दोन वेळचं मिळून पंधरा-सोळा लिटर दूध. ज्या दूध संकलन संस्थेची वेबसाइट मी सांभाळते, तिच्यावर त्यांचं खातं आहे. मोबाइल नातवाचा, बोटं नातवाची, प्रश्न मात्र त्यांचा स्वतःचा. "ताई, एकदा उघडलं की चार हजार तीनशे बारा दिसतंय. पुन्हा उघडलं की चार हजार आठशे एकाहत्तर. आणखी एकदा उघडलं की परत पहिलाच आकडा. ह्यातला खरा कुठला धरायचा?"

मी म्हटलं, बघून सांगते. ते म्हणाले, "बघा. माझं काय म्हणणं न्हाई. पण दोन्ही खरं नसणार ना?"

ही २०२४ च्या भाद्रपदातली गोष्ट. धाराशिवमधल्या घरी बसून मी हे काम करते आणि अशा तक्रारी मला नव्या नाहीत. पण त्या शेवटच्या वाक्याने मला धरून ठेवलं. दोन्ही खरं नसणार, एवढी खात्री त्या माणसाला होती. मला, जिने ती वेबसाइट आतून पाहिलेली होती, तिला नव्हती. कारण यंत्राच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं सरळ होती. कुठेही काही मोडलेलं नव्हतं. प्रत्येक उत्तर देणारा आपापल्या जागी प्रामाणिक होता आणि तरीही एका शेतकऱ्याला एकाच प्रश्नाची दोन उत्तरं मिळत होती.

झालं होतं ते असं. ही वेबसाइट जँगो नावाच्या चौकटीवर उभी आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावात एक वर्तमानपत्र आहे. त्याच्या कचेरीत २००३ साली अ‍ॅड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी ती बांधायला घेतली आणि २००५ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. वर्तमानपत्राचं पान एकदा तयार झालं की हजारो लोक तेच पान वाचतात. प्रत्येक वाचकासाठी ते नव्याने जुळवत बसण्यात अर्थ नसतो. म्हणून तयार पान जवळ ठेवायचं आणि मागेल त्याला तेच द्यायचं. ही सोय त्या चौकटीत पहिल्यापासून मुरलेली आहे. तिला कॅश म्हणतात. वेगळं काही सांगितलं नाही तर जँगो अशी आठवण ३०० सेकंद जपतो, मग टाकून देतो. आमच्याकडे माझ्या आधी कोणीतरी, पान लवकर उघडावं म्हणून, ती मुदत वाढवून पूर्ण दिवसाची केली होती. शिवाय एकाच वेळी अनेकांना उत्तरं देता यावीत म्हणून सर्व्हरवर चार प्रक्रिया चालत होत्या आणि प्रत्येकीची आठवण तिच्यापुरती, तिच्याच पोटात. पहिलीला सकाळी सहाचा आकडा आठवत होता, तिसरीला नऊचा. काकांचा नातू पान उघडी तेव्हा जी मोकळी असेल ती उत्तर देई.

हे त्यांना समजावून सांगताना मी "कॅशमध्ये जुना आकडा राहिला होता" असं म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. "म्हंजे संस्थेकडं कॅश कमी पडली का?" त्यांच्या आवाजात काळजी होती. दुधाचे पैसे दहा दिवसांनी मिळतात, त्यावर पेंड येते, त्यावर नातवाची फी भरली जाते. त्या शब्दाने मी त्यांना उगाच घाबरवलं. मग मी तो शब्द सोडला आणि म्हटलं, "नाही काका. पैसे आहेत. यंत्राला जुनी आठवण राहिली होती, ते आठवणीतून बोलत होतं. वहीत बघून बोलत नव्हतं."

"मग त्याला सांगा, वहीत बघून बोलत जा."

शब्द बदलला आणि माझ्यापुरता प्रश्नच बदलला. कॅश म्हटलं की ते तंत्रज्ञाचं काम होतं. आठवण म्हटल्यावर तो आपल्याकडच्या दर्शनांतला फार जुना प्रश्न झाला: स्मृती हे प्रमाण आहे का?

इंजिनिअरिंग होऊन दहा वर्षं झाल्यावर मी संस्कृत शिकायला लागले. सुरुवात सगळे करतात तशी अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहापासून केली. सतराव्या शतकातलं ते छोटंसं पुस्तक बुद्धीचे, म्हणजे ज्ञानाचे, दोनच भाग करतं: स्मृती आणि अनुभव. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजलेलं ज्ञान. डोळ्यांसमोर काही नाही, कानावर काही पडत नाही, आत उमटलेला ठसा तेवढा जागा होतो. आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अशा ज्ञानाला प्रमेच्या, म्हणजे प्रमाणभूत ज्ञानाच्या, पंक्तीत बसू देत नाहीत. शिकताना मला हे फार कठोर वाटलं होतं. माझ्या आजीची सबंध आयुष्यभराची पुंजी आठवणींचीच होती. ते सगळं ज्ञान नव्हेच? पण ते शास्त्र स्मृतीला खोटी म्हणत नाही, हे मला नंतर उमगलं. यथार्थ स्मृतीही असते. एवढंच की तिचा खरेपणा तिचा स्वतःचा नसतो, ज्या अनुभवातून ती निघाली त्याचा असतो. उसना असतो. मूळ बदललं की तिच्या हाती काही उरत नाही, आणि मूळ बदललंय हे तिला स्वतःहून कळायला मार्गही नसतो.

त्या चार प्रक्रियांपैकी पहिलीला, सकाळी नऊ वाजता दूध पडलंय हे कसं कळावं? तिने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तिने विचारलंच नव्हतं.

याच न्यायशास्त्रात एक तिसरी गोष्ट आहे, ती मला सगळ्यांत जवळची वाटते: प्रत्यभिज्ञा. ओळख पटणं. दहा वर्षांपूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज समोर आला आणि मी म्हटलं, हा तोच. यात आठवण आहे, पण डोळ्यांसमोर माणूसही आहे. दोन्ही मिळून जे ज्ञान होतं ते नैयायिक प्रत्यक्षात धरतात. स्मृती एकटी उभी राहिली तर तिला मान नाही. तिने येऊन समोरच्याच्या खांद्याला हात लावला तर आहे. वेब बांधणाऱ्यांनी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने गाठली आहे. ब्राउझर आपल्याजवळचं जुनं पान लगेच दाखवत नाही. त्या पानाची खूण, ईटॅग म्हणतात तिला, सर्व्हरकडे पाठवतो आणि विचारतो, हे अजून तेच आहे का? सर्व्हर आपलं ताजं पान पाहतो आणि तेच असेल तर ३०४ एवढाच आकडा परत करतो. बदललेलं नाही, जवळचं वापर. पान पुन्हा पाठवावं लागत नाही, आणि आठवणीला पुन्हा एकदा प्रत्यक्षाचा स्पर्श होतो. काकांच्या पानासाठी मीही आठवणीला मुळाशी जोडून घेतलं. चार प्रक्रियांना चार वेगळ्या आठवणी ठेवू दिल्या नाहीत, सगळ्यांची मिळून एकच सामाईक केली, आणि दुधाची नोंद पडली की त्या खात्याची आठवण पुसायची असं ठरवलं.

दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन. आकडा पुन्हा जुना.

या वेळी कारण सापडायला मला रात्र लागली. नोंद पडली की आठवण पुसायची, हे बरोबर होतं. पण पुसण्याची आज्ञा नोंद पक्की होण्याच्या अंमळ आधी सुटत होती. डेटाबेसमध्ये व्यवहार पूर्ण झाला असं शिक्कामोर्तब व्हायला काही क्षण लागतात. तेवढ्यात दुसऱ्या कोणीतरी तेच पान मागितलं, आठवण रिकामी दिसली, म्हणून यंत्र मुळाकडे गेलं, मुळात अजून जुनाच आकडा होता, तो त्याने उचलला आणि ताजा म्हणून पुन्हा आठवणीत ठेवला. आता तो दिवसभर राहणार. विसरणं बरोबर झालं होतं, वेळेआधी झालं होतं. त्यावर उपाय सोपा आहे, जँगोतच आहे: व्यवहार पक्का झाल्यावरच पुस, असं सांगता येतं. पण त्या रात्री मला उपायापेक्षा ती चूक जास्त बोलकी वाटली. घाईने सोडलेली गोष्ट तशीच्या तशी परत येऊन बसते, आणि या वेळी तिच्यावर ताजेपणाचा शिक्का असतो. हे माणसांच्या बाबतीत मी पाहिलेलं आहे.

मीमांसकांनी हा प्रश्न वेगळ्या अंगाने घेतला. त्यांच्यासाठी श्रुती म्हणजे मूळ वेद आणि स्मृती म्हणजे ऋषींनी आठवून सांगितलेले नियम. मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांचं म्हणणं मोजक्या शब्दांत असं: दोहोंत विरोध आला तर स्मृतीकडे पाहू नये; विरोध नसेल तर तिच्यामागे मूळ असावं असं अनुमान करायला हरकत नाही. वाईच्या प्राज्ञ पाठशाळेतल्या केवलानंद सरस्वतींनी या दर्शनाचा सात खंडांचा मीमांसाकोश रचला. आपल्या महाराष्ट्रात एकेकाळी हे वाद इतक्या बारकाईने वाचले जात. जैमिनींचे भाष्यकार शबरस्वामी त्यांच्या या नियमाला जे उदाहरण देतात ते मी कधी विसरत नाही. सोमयागात मंडपामध्ये औदुंबराचा एक खांब रोवतात. श्रुती सांगते, त्या खांबाला हात लावून उद्गात्याने गावं. आणि एक स्मृती सांगते, तो खांब संपूर्ण वस्त्राने गुंडाळावा. सगळाच गुंडाळला तर हात कुठे लावणार? म्हणून ती स्मृती बाजूला ठेवायची. आणि शबर पुढे जाऊन कारणही दाखवतात: कोणा ऋत्विजाला ते वस्त्र हवं असेल, लोभातून हा नियम आला असेल.

कित्येक शतकांपूर्वीचा, परंपरेवर अपार श्रद्धा असलेला पंडित परंपरेतल्याच एका नियमाकडे बोट दाखवून म्हणतो की यात लोभ दिसतो आहे. मला यात धर्माचं तेज दिसतं. आणि ते उदाहरणही किती नेमकं आहे. वस्त्र वाईट नाही. खांबाला ऊन लागू नये, तो सुंदर दिसावा, यात गैर काय? पण त्याने हाताला लाकूड लागेनासं झालं. आमची दिवसभराची मुदत असंच एक वस्त्र होती. पान झटकन उघडायचं, सर्व्हरचं भाडं वाचायचं. वाचवणाऱ्याला काही मिळत होतं म्हणूनच त्या खांबाला कोणी हात लावून पाहिला नव्हता.

पण मग हे आम्हाला आधी का कळलं नाही? असल्या चुका नोंदल्या जाव्यात म्हणूनच तर लॉग असतो. इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि मला सांगायला जड जाते, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

आमची वेबसाइट ज्या पायथन भाषेत आहे, तिच्यातली नोंदी ठेवण्याची व्यवस्था विनय साजिप यांनी लिहिली. २००३ च्या पायथन २.३ पासून ती भाषेचाच भाग आहे. पाच पायऱ्या आहेत, तपशिलापासून सर्वनाशापर्यंत. तिला मांडणी देताना एक अट असते: आधीपासून जे नोंदक आहेत त्यांना गप्प करायचं का? तुम्ही काही बोलला नाहीत तर उत्तर "हो" धरलं जातं. आमच्याकडे कोणी काही बोललं नव्हतं. म्हणून हिशेब करणारा भाग रोज इमानाने नोंदी करत होता आणि त्या कुठेही उमटत नव्हत्या. फाइल होती. रोज नवी तयार होत होती. कोरी. आणि कोरी फाइल पाहून मी कित्येक आठवडे समजत होते की सगळं ठीक आहे.

दुसरी गोष्ट याहून वाईट. हिशेबाच्या भागात एक ओळ अशी होती की डेटाबेसने वेळेत उत्तर दिलं नाही, तर चूक गिळून टाकावी आणि आठवणीतला जुना आकडा पुढे करावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. शेतकऱ्याला लाल अक्षरातला संदेश दिसू नये, काहीतरी दिसावं. पण त्यामुळे जुनं आहे ते ताजं म्हणून दिलं गेलं, आणि तसं दिल्याची नोंदही ठेवली गेली नाही. मी या दोन्हींना एकच दोष समजते. आठवण ठेवणं हा दोष नाही. जुनी आठवण असणं हाही नाही. आठवणीने अनुभव म्हणून मिरवणं, आणि विचारायला कोणी आलंच तर त्याला माग सापडू नये, यात मला पाप दिसतं. हा शब्द मी विचार करून वापरते आहे. साडेपाचशे रुपयांच्या फरकाने एखाद्या घरात काय काय थांबतं हे मला ठाऊक आहे.

गरुडपुराणात यमाच्या दरबाराचं वर्णन आहे. लहानपणी ते भीतीने ऐकलं होतं, आता कामाच्या नजरेने वाचते. ब्रह्मदेवाचे पुत्र श्रवण तिन्ही लोकांत फिरतात, दूरचं ऐकतात, पाहतात आणि चित्रगुप्ताला सांगतात. चित्रगुप्त लिहितो. निवाडा यम करतो. ऐकणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, न्याय करणारा वेगळा. चित्रगुप्ताने एखादं कृत्य किरकोळ समजून वगळलं असं त्या वर्णनात येत नाही. ते त्याचं काम नाही. आमच्या त्या ओळीत लिहिणाऱ्यानेच निवाडा करून टाकला होता की हे नोंदण्याजोगं नाही. आणि त्याच्या नावातलं ते गुप्त! लॉग पुन्हा बोलता केला तेव्हा पहिल्याच दिवशी मला त्यात लोकांच्या मोबाइलवर आलेले ओटीपी उघडे लिहिलेले सापडले. सगळं पाहणाऱ्याने काही गोष्टी झाकूनही ठेवायच्या असतात. ते अंक मी त्याच दिवशी तारकांनी झाकले. उपनिषदातल्या एका झाडावरच्या दोन पक्ष्यांमधला तो जो न खाता नुसता पाहतो, त्याच्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. साक्षीने पाहिलेल्याला चोच लावू नये, एवढं मला त्यातून कळलं आहे.

नोंद आणि आठवण यांच्या बाबतीत आमचा जिल्हा फार शिकवतो. तेरला जाते तेव्हा मला हे जाणवतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचं एक टिपण लिहिलं, पेरिप्लस. त्यात तो म्हणतो की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं गाव आहे, तिथून गाड्या भरून कापड भडोचला येतं. पुढे गाव राहिलं, व्यापार गेला, आणि ते तगर कुठलं हे अभ्यासकांना कळेनासं झालं. दौलताबादपासून जुन्नरपर्यंत अंदाज झाले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते आपलं तेर असल्याचं दाखवलं. अठराशे वर्षं त्या परक्या माणसाने, ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही, दिशा आणि दिवस मोजून लिहिलेली नोंद तशीच पडून होती. त्याच काळात शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करत असताना आपल्या ताम्रपटांवर स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत होते. राज्य तगरावर उरलं नव्हतं. बिरुद शतकानुशतकं राहिलं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, कुळाचं मूळ त्यात जपलं गेलं. पण त्या बिरुदावर विसंबून कोणी तेरला कर भरायला गेला असता तर फसला असता.

आणि तेर म्हणजे गोरोबाकाका. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं, मडकं कच्चं की पक्कं. नामदेवांची कीर्ती मोठी, प्रत्यक्ष पांडुरंगाशी सलगी. त्या कीर्तीकडे पाहून गोरोबांनी त्यांना वगळलं नाही. ठोकलं, आणि मडकं कच्चं निघालं. कुंभार ऐकीव गोष्टीवर मडकं विकत नाही. वारकऱ्यांचं नामस्मरणही मला याच वाटेवरचं वाटतं. स्मरण म्हणतो आपण त्याला, पण काल घेतलेलं नाम आज चालत नाही. आज पुन्हा हाक मारावी लागते.

काकांचा तिसरा फोन मात्र आठवणीबद्दल नव्हता. आकडा आता एकच दिसत होता, पण दहा दिवसांच्या पगारात एका सकाळचं दूध मागच्या पगारात गेलं होतं. "अकरा तारखेचं दूध मी अकरालाच घातलंय, ताई. धारा मीच काढल्यात."

संकलन पहाटे पाचला सुरू होतं. यंत्राचं घड्याळ जगाच्या वेळेवर, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे. पहाटे पाचला घातलेलं दूध त्याच्या लेखी आदल्या रात्री साडेअकराला घातलेलं. साडेपाचच्या आधी जो रांगेत पुढे, त्याचं सगळं दूध कालच्या तारखेत. लवकर उठणाऱ्यांनाच ही चूक लागली होती. ती दुरुस्त करताना मी त्या वेळांकडे बघत बसले, कारण साडेपाच तासांचा हा हिशेब माझ्या ओळखीचा होता.

मी सहा वर्षांची होते. आता लोहारा तालुक्यात असलेल्या सास्तूरजवळ आमचं गाव. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून जवळजवळ दहा हजार माणसं त्याखाली गेली. आमच्या घरातली दोन. आपण सगळे ३० सप्टेंबर १९९३ म्हणतो. पण भूकंपांच्या जागतिक नोंदींमध्ये तारीख २९ आहे, कारण जगाच्या वेळेत तेव्हा रात्रीचे दहा वाजून सव्वीस मिनिटं होत होती. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मला राग आला होता. आमचा दिवससुद्धा यांना नीट लिहिता आला नाही, असं वाटलं. नंतर एकदा आजीशी बोलताना मी गुरुवारची पहाट म्हणाले, तर ती म्हणाली, "गुरुवार कुठला गं, बुधवारच तो. दिस कुठं उगवला होता?" तिचा वार सूर्याबरोबर बदलत असे. सूर्य उगवायचा होता म्हणून बुधवार होता. बुधवार म्हणजे २९. जागतिक नोंदीचं यंत्र आणि माझी आजी, दोघांच्या लेखी एकच दिवस.

मग तीस तारीख चूक? नाही. तीन कालगणना आहेत, तिन्ही आपापल्या नियमाला धरून आहेत. मराठवाड्यात जुन्या जमिनीच्या कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, आणि ते कागद कोणी खोटे ठरवत नाही. नोंदीने आपला नियम सोबत सांगितला पाहिजे. मी नोंदी जगाच्या वेळेतच राहू दिल्या, प्रत्येकीपुढे ती जगाची वेळ असल्याची खूण जोडली, आणि पगार मोजताना दिवस आपल्या घड्याळाने धरला.

त्याच आठवड्यात मला जिल्ह्याच्या नावाचाही निकाल लावायचा होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने शहराच्या नव्या नावाला मान्यता दिली, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचंही नाव धाराशिव झालं. आमच्या यादीत कुठे उस्मानाबाद, कुठे धाराशिव. फिल कार्लटन नावाच्या संगणकतज्ज्ञांचं एक म्हणणं आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं: या शास्त्रात अवघड गोष्टी दोनच, साठवलेलं शिळं कधी झालं हे ठरवणं आणि नावं देणं. त्या यादीत दोन्ही एकत्र होत्या. संस्थेतल्या एका तरुणाने सुचवलं की सगळीकडे शोधून एका फटक्यात बदलून टाकू. मी नको म्हटलं. आज पानावर दिसणारं नाव आजचंच हवं, तिथे जुनं राहणं ही चूक आहे. पण २०१९ च्या पावतीवर जिल्हा उस्मानाबाद छापला होता तो त्या दिवशी खरा होता. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तेच आहे, आणि तो दाखला बरोबर आहे. झालेल्या दिवसाला नवं नाव द्यायचा अधिकार मला नाही.

हे मला आजोबांनी शिकवलं. ते गावातल्या एका दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी, दोन वह्या. कीर्दीत दिवसभरात जे जे घडलं ते घडल्या क्रमाने. खतावणीत प्रत्येकाचं खातं वेगळं काढून. कोणी विचारलं की खतावणी उघडायची, उत्तर लगेच मिळतं. पण भांडण लागलं की कीर्द. खतावणी जळली तर कीर्दीवरून पुन्हा खतवता येते. कीर्द गेली तर खतावणीवरून ती उभी करता येत नाही. आणि कीर्दीत खाडाखोड नाही. चूक झाली तर ज्या दिवशी कळली त्या दिवशी उलट नोंद करायची. काकांच्या अकरा तारखेच्या दुधासाठी मी तेच केलं. जुनी ओळ पुसली नाही, खाली दुरुस्तीची ओळ लिहिली, का ते लिहिलं. आणि पानावर आकड्याखाली आता बारीक अक्षरांत येतं: हिशेब सकाळी ९:१० पर्यंतचा.

त्या भाद्रपदात हे सगळं आटोपलं तेव्हा देवी निद्रेत होती. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत तुळजाभवानी सिंहासनावरून पलंगावर येते. आमच्याकडे देवीलाही वर्षातून तीनदा विश्रांती आहे. मी तुळजापूरला गेले, पलंगावरच्या आईला हात जोडले आणि बाहेर येऊन काकांना फोन लावला. सगळं जमलंय का विचारलं.

"जमलं. पण मधले दोन दिस ते अकराचं दूध कुठं होतं म्हणायचं?"

"दहा तारखेत होतं काका."

"बरं. सापडलं म्हंजे झालं." मग ते म्हशीच्या पायाबद्दल बोलत राहिले.

परतताना आजोबांची ती कीर्द आठवत होती. ती माझ्याकडे आहे. ढिगाऱ्यातून निघाली, पुठ्ठा गेला, पानं मातीने तपकिरी झाली. बुधवारच्या पानावर वर श्री, मग तेल, गूळ, गणपतीसाठी नेलेला कापूर, उधारीची दोन नावं. खाली बेरीज नाही. आजोबा बेरीज सकाळी दिवा लावून करत. त्यानंतर एक कोरं पान. दुकानाचे मालक त्या पहाटे गेले होते. हिशेब दाखवावा असं कोणी मागे उरलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर, आजी सांगायची, दिवाळीच्या आसपास एका सकाळी आजोबांनी ती वही उघडली. आधी बुधवारची बेरीज केली. जमा, नावे, दोन्ही बाजू मिळवल्या. मग वेगळ्या शाईत, हात थोडा हललेला, त्यांनी खाली लिहिलं: श्री शिल्लक १४३ रुपये ६० पैसे. आणि तो आकडा पुढच्या कोऱ्या पानावर नेऊन ठेवला.